शामलाची उडी

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत शामलाबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे तिच्या हातचा वडाभात खाल्ला की माणूस दुसरीकडचा वडाभात नावं ठेवल्याशिवाय खात नाही. आणि दुसरी म्हणजे ती पाण्याला भिते. संध्याकाळी गल्लीतल्या बायका तलावाभोवती फिरायला निघाल्या की शामला काठाकडची बाजू दुसरीला देऊन स्वतः आतल्या बाजूनं चालायची. रामटेकला गेली तर अंबाळा तलावाच्या वरच्याच पायरीवर थांबायची आणि कुणीतरी तांब्यात आणून दिलेलं पाणी डोळ्यांना लावायची. गणपती बुडवायला नवरा उतरायचा, तेव्हा ही चपला सांभाळत उभी. तिची मुलगी खुशी तर जन्मल्यापासून हेच पाहत आली होती आणि मैत्रिणींना हसत सांगायची, “आमची आई ना, बादलीतल्या पाण्यालेसुद्धा भेते.”

शामला हे ऐकायची आणि हातातलं काम करत राहायची. पहिली गोष्ट शंभर टक्के खरी होती. दुसरी साफ खोटी होती.

शामलाचं माहेर सावनेरजवळच्या एका खेड्यातलं. वडील महादेवराव शेतकरी; कपाशी, थोडी संत्र्याची झाडं आणि दगडी बांधणीची एक खोल विहीर. पोरगी सहा-सात वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीला सुका भोपळा बांधला आणि काही न बोलता तिला विहिरीत ढकललं. ती ओरडली, पाणी प्याली, वर आली, पुन्हा ओरडली. महादेवराव काठावर बिडी ओढत उभे. उन्हाळा संपता संपता भोपळा सुटला. त्यांनी तिला एकच धडा दिला होता: “पान्यात गेलं का नाकाले कुलूप, तोंडाले कुलूप. आन् चाबी वर काठावर ठेवून जायची.”

गावात कुणाची बादली विहिरीत पडली की आधी गळ टाकत. गळ म्हणजे लोखंडी आकड्यांचा झुपका; दोराला बांधून तळाशी फिरवायचा, बादली अडकली तर अडकली. नाही अडकली की महादेवरावांच्या दारात हाक यायची, “शामीले धाडा हो जरा!” मग ही टिकलीएवढी पोरगी परकराचा काचा मारून विहिरीच्या काठावर उभी राहायची आणि धाडकन उडी घ्यायची. तळाशी काळोख. तिथं डोळ्यांचं काम नाही, सगळं हातानं पाहायचं. गाळात चाचपडायचं, कडी हाताला लागली की पायानं तळ ढकलून वर यायचं. बादल्या काढल्या, घागरी काढल्या, एकदा कुणाच्या सासूबाईंची सोन्याची पोतसुद्धा काढली. वर आली की महादेवराव दुसरीकडेच बघत असायचे. पण त्यांची बिडी केव्हाच विझलेली असायची आणि ते विझलेलीच ओढत असायचे. शामलाला त्यावरून बरोबर कळायचं की बाप खूश आहे.

लग्न झालं खापरखेड्याच्या ओमप्रकाशशी. माणूस चांगला, वीज केंद्रात कायमच्या नोकरीवर, कोळशाच्या विभागात. कॉलनीत क्वार्टर मिळायचं होतं, तोवर गावात भाड्याच्या दोन खोल्या. घरात सासूबाई, आणि त्या उन्हाळ्यात माहेरपणाला आलेली ओमप्रकाशची थोरली बहीण यमुताई. अंगणात चार घरांत मिळून एक विहीर.

एका सकाळी सासूबाईंची पितळी बादली दोर तुटून त्या विहिरीत गेली. साधी बादली नव्हती. त्यांच्या लग्नात त्यांच्या आईनं दिलेली. सासूबाई कपाळाला हात लावून ओट्यावर बसल्या. सून येऊन तीनच महिने झालेले, पोळ्या जाड होतात म्हणून रोज ऐकून घेत होती. तिला वाटलं, देवानं आपल्यासाठीच दोर तोडला. कुणाला काही न सांगता तिनं पदर खोचला, काचा मारला आणि उडी घेतली.

पलीकडच्या अंगणात यमुताई कुरड्या घालत होती. तिनं वर पाहिलं तेव्हा तिला काय दिसलं? हिरव्या चुड्याची नवी नवरी, आणि उडी.

“अगं बाई! शामलानं विहिरीत उडी घेतली वं!”

नव्या सुनेनं विहिरीत उडी घेतली म्हटल्यावर आपल्याकडे लोकांना एकच अर्थ सुचतो. सगळं गाव अंगणात लोटलं. कुणी दोर आणला, कुणी शिडी आणली. सासूबाई आडव्या झाल्या. एक जण सायकल मारत वीज केंद्राच्या गेटवर गेला. दोन म्हाताऱ्या लगेच एकमेकींना सांगू लागल्या की छळ असलाच पाहिजे, पोरीच्या तोंडावरून दिसतच होतं. आणि या सगळ्या गोंधळात शामला एका हातात बादली घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढून वर आली. केस निथळत होते आणि चेहऱ्यावर हसू होतं, कारण आता सासूबाई शाबासकी देणार अशी तिची खात्री होती.

बादलीकडे कुणी पाहिलंच नाही.

ओमप्रकाश धावत आला तेव्हा अंगभर कोळशाची काळी भुकटी होती, तिच्यावर घामाचे ओघळ. बायको जिवंत पाहून तो अंगणात मधोमध तसाच उभा राहिला. पण गोष्ट तिथं संपायची नव्हती. चौकशीला हवालदार आला. महादेवरावांना बोलावणं गेलं. पुढं कित्येक महिने ओमप्रकाश कामावर गेला की कुणीतरी विचारायचं, “काय गा, घरी सगळं बरं हाये ना?” बिचाऱ्यानं बायकोला बोट लावलं नव्हतं, आणि मान मात्र त्याला खाली घालावी लागली. उडीच्याच दिवशी संध्याकाळी तो तिला म्हणाला होता, “यापुढं पान्यात उडी घेशीन तर माहं मेलेलं तोंड पाहशीन. शपथ हाये तुले.”

आता शपथेचा कायदा सगळ्यांना माहीत आहे. पोरं खेळताना घालतात तीच शपथ. ज्यानं घातली त्यानं ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. पोरं घटकाभरात सोडून मोकळी होतात. ओमप्रकाश सोडायचं विसरला. निदान शामलाला तसं वाटत होतं, आणि आठवण करून द्यायला तिचा मान आड येत होता. मीच का मागू? मी काय चोरी केली होती? अशी सदतीस-अडतीस वर्षं गेली. पाण्याजवळ गेलं की पाय शिवशिवायचे, म्हणून तिनं पाण्याजवळ जाणंच सोडलं. खुशी आठवीत असताना पोहायला शिकायचं म्हणून हट्टाला पेटली, तेव्हा शामला नवऱ्याकडे बघून म्हणाली होती, “मी शिकवली असती.” ओमप्रकाश पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला होता, “पोट्टीले अभ्यास करू दे.” पोट्टी शेवटी पुण्यात नोकरीला लागल्यावर स्वतःच्या हिमतीवर पोहायला शिकली. पितळी बादली मात्र सासूबाईंनी पुन्हा वापरली नाही. अवलक्षणी म्हणून ती माळ्यावर गेली, आणि पुढं सक्करदऱ्याला घर बांधलं तेव्हा या माळ्यावरून त्या माळ्यावर गेली.

शामलाला शपथेचं एवढं दुःख नव्हतं. उडी सगळ्यांनी पाहिली आणि बादली कुणीच पाहिली नाही, याचं होतं. कामाचा माणूस काम दाखवायला वर आला आणि लोकांनी त्याला आजारी ठरवून पांघरूण घातलं, असलं ते दुःख.

ओमप्रकाश निवृत्त झाला आणि खुशीनं आई-बाबांना अंदमान दाखवायचं ठरवलं. अंदमानही नुसतं नाही. मोठ्या बोटीनं पुढं गेल्यावर लागणारं एक लहानसं, निवांत बेट, जिथं पाण्याखाली जाऊन मासे आणि प्रवाळ बघता येतात. यमुताई आता विधवा होती आणि भावाकडेच जास्त असायची, म्हणून तिलाही घेतलं. नागपूरची माणसं प्रवासाला निघतात तशी ही निघाली: चिवड्याचा डबा, संत्रा बर्फी, शेवेची थैली, आणि न जाणो तिकडे मिळाली नाही तर म्हणून भिवापुरी मिरचीचं तिखट.

बेटावर उतरल्यावर चौघांनीही आधी चपला हातात घेतल्या. पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेली झाडं, आणि पाणी असं स्वच्छ की बोट हवेत टांगल्यासारखी दिसत होती. माणसं थोडी. दुकानं चार, तीही दुपारी झोपणारी.

“एवढं पानी!” यमुताई म्हणाली. “आन् आपल्याकडे नळ एक दिवसाआड.”

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात सिलिंडर लावून श्वास घ्यायचा सराव होता. शिकवणारा सौरव तिथलाच, पस्तिशीचा, उन्हानं काळवंडलेला, बंगाली वळणाचं हिंदी बोलणारा. शामलानं खुशीचा लांब बाह्यांचा टी-शर्ट चढवला होता. ओमप्रकाश म्हणाला, “यात उडी नाही काही. हे मशीनीचं काम हाये.” ते त्यानं कुणाला सांगितलं हे कळलं नाही, पण शामलानं ऐकलं आणि ती सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

“एक बात,” सौरव म्हणाला, “किसी के नकली दाँत हों तो पहले निकाल के रख दीजिए।”

शामलानं ओमप्रकाशकडे पाहिलं. ओमप्रकाश आकाशाकडे पाहू लागला.

ही भानगड सांगायलाच हवी. ओमप्रकाशनं उभ्या आयुष्यात व्यसन एकच केलं, खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. खर्ऱ्यानं त्याचे वरचे सगळे दात नेले आणि डॉक्टरनं वरची कवळी बसवली. पण गल्लीत, नातेवाइकांत, अगदी खुशीला आणि यमुताईलासुद्धा त्यानं ‘कॅप बसवल्या’ असं सांगून ठेवलं होतं. कवळी धुवायची ती बाथरूमला कडी लावून. त्याचं दात नसलेलं तोंड पाहिलेली जगात दोनच माणसं, एक डॉक्टर आणि एक शामला.

सराव सुरू झाला. सौरवनं शामलाच्या तोंडात नळीचं टोक दिलं. “आंटी, मुँह से साँस लेना है। पानी के अंदर, मुँह से।”

आणि इथं महादेवरावांची शिकवण आडवी आली. पाण्यात डोकं गेलं की शामलाचं तोंड आपोआप बंद झालं. नाकाला कुलूप, तोंडाला कुलूप. सौरव खुणा करत होता, घ्या, श्वास घ्या. आणि हिचं शरीर ऐकायलाच तयार नाही. तिनं दातांत ते रबर धरून ठेवलं पण श्वास घेतला नाही तो नाहीच. पुन्हा प्रयत्न केला, तेच. तिसऱ्यांदा सौरवच दमला आणि हसून म्हणाला, “रहने दीजिए आंटी, डर लगता है सबको।”

ओमप्रकाशला पोहण्याचा गंध नव्हता, त्यामुळे विसरायचंही काही नव्हतं. खर्रा चघळायची सवय असलेल्या तोंडात ती नळी अशी बसली जशी काही मापानं केली होती. तो मजेत श्वास घेत वाळूपासून गुडघाभर वर तरंगत गेला, मासे पाहून आला आणि अंगठा वर केला. “अंकल तो मछली हैं!” सौरव म्हणाला. झालं, त्या क्षणापासून अंकल कुणाला ऐकेनात.

खुशीनं आईच्या खांद्यावर टॉवेल टाकला. “जाऊ दे आई. तुले पाण्याची भीती आहे, मी उगीच जबरदस्ती करून राहिली.”

शामलानं पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलायची हीच जागा होती. ‘भीती नाही वं तिले,’ एवढंच. ओमप्रकाश चष्म्याची काच पुसत राहिला. खोलीवर आल्यावर शामलाला रडू आलं, आणि रडू आलं याचाच तिला जास्त राग आला. अख्खं लहानपण विहिरीचा तळ हातानं पाहिलेली बाई, आणि तिला कमरेएवढ्या पाण्यात ‘डर लगता है’ म्हणून सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी बोट खडकांपलीकडे गेली. तोंडात नळी धरून, जॅकेट घालून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालचं रान बघायचं. सौरवनं बोट प्रवाळापासून दूर, वाळूच्या तळावर उभी केली आणि खुशीसकट बोटीवरच्या बाकीच्या प्रवाशांना थोड्या अंतरावर घेऊन गेला. शामलानं नाही म्हटलं. यमुताई पुढच्या टोकाला सावलीत चिवडा खात बसली. ओमप्रकाश शिडीला धरून बोटीच्या आसपासच तरंगत होता.

थोड्या वेळानं तो शिडीवर आला, नळी काढली आणि त्याला खाऱ्या पाण्याचा ठसका लागला. एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि तिसऱ्यांदा तोंडावर हात ठेवून तसाच थिजला.

“काय झालं?” शामलानं खाली वाकून विचारलं.

त्यानं शिडीवरचा टॉवेल ओढून तोंडाला लावला आणि डोळ्यांनी पाण्याकडे खूण केली.

“कवळी?”

मान हलली.

“सौरवले हाक मारू?”

मान इतक्या जोरात हलली की शिडी खडखडली. शामलानं समजून घेतलं. सौरव आला की सगळी बोट आली, खुशी आली, यमुताई आली. आणि अजून परतीचा सगळा प्रवास, जेवणं, फोटो. तिनं पाण्यात पाहिलं. तळ इतका स्पष्ट होता की वाळूवरची रेघ न् रेघ दिसत होती, आणि त्या पांढऱ्या वाळूवर एक गुलाबी ठिपका. दोन पुरुष पाणी, फार तर अडीच. सासरच्या विहिरीपेक्षा कमीच.

“मी आनते.”

ओमप्रकाशचे डोळे मोठे झाले. टॉवेलाआडून आवाज आला, “शप्पथ...”

म्हणजे त्याला आठवत होती! इतकी वर्षं ती समजत होती की हा बाप्पा विसरला असेल; आणि यानं ती जपून ठेवली होती. शामलाला असा राग आला की हसूच आलं.

“शपथ तुमची, दात बी तुमचे. काय करू ते तुम्हीच सांगा.”

तिनं जॅकेटच्या पट्ट्या सोडल्या. यमुताईसाठी आणलेला, तसाच पडून असलेला पाण्यात घालायचा चष्मा उचलून डोळ्यांना लावला. काठावर उभी राहिली आणि थांबली.

“सुटली म्हना. तवाच जाते.”

ओमप्रकाशनं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा लांबून परत येणाऱ्या खुशीकडे.

“शुतली,” तो टॉवेलात पुटपुटला.

“नीट म्हना.”

“शुतली वं माय! शुतली!”

शामलानं उडी घेतली.

पाणी डोक्यावरून मिटलं आणि दोन्ही कुलपं आपोआप लागली. या वेळी तीच कामाला आली. कानांत दडे बसले तशी तिनं बापानं शिकवल्याप्रमाणे थुंकी गिळली, हात पुढं केले, पाय मारले. अंग जड झालं होतं, वय झालं होतं, पण पायांना सगळं पाठ होतं. आणि मग तिला तळ दिसला. आयुष्यात पहिल्यांदा दिसला. विहिरीत नेहमी काळोख असायचा. इथं ऊन थेट खालपर्यंत आलं होतं आणि वाळूवर हलत होतं. ओमप्रकाशची कवळी वाळूवर हसत पडली होती आणि तिच्यापुढं पिवळ्या पट्ट्यांचा एक बोटभर मासा तिला निरखत उभा होता. शामलानं त्याला बोटानं बाजूला केलं आणि कवळी उचलली. श्वास अजून शिल्लक होता. ती लगेच वर आली नाही. तिथंच जराशी थांबली, इकडे तिकडे पाहिलं, लांबवर जांभळ्या-तपकिरी प्रवाळांची झुडपं होती त्यांच्याकडे पाहिलं. काठावर विझलेली बिडी ओढत बाप उभा असल्यासारखं तिला वाटलं, आणि तिला इतका आनंद झाला की चष्म्याच्या आत डोळे भरून आले.

वर काय चाललं होतं ते तिला नंतर कळलं. चिवड्याचा घास तोंडात असतानाच यमुताईनं मान वळवली होती. तीच यमुताई, तोच गळा.

“अगं बाई! शामलानं उडी घेतली वं!”

खुशी पाण्यातून किंचाळली, “आईले पोहता येत नाही! सौरव, मम्मी को तैरना नहीं आता!” सौरव सपासप हात मारत निघाला. बोटवाला दोर घेऊन उठला. खापरखेड्याचं ते अंगण जसंच्या तसं समुद्रात उतरलं होतं. आणि ओमप्रकाश तेव्हा होता तसाच मधोमध उभा होता, या वेळी तोंडाला टॉवेल लावून. खुशी रडू लागली. मग त्यानं टॉवेल काढला आणि पाण्यात फेकून दिला.

“थांबा!” तो वरचा एकही दात नसलेल्या तोंडानं ओरडला. “कोनी जाऊ नका! येते तिले पोहता! माह्या बायकोले पोहता येते! तुमच्या सगळ्यांहून जास्त येते!”

त्याच वेळी शामला पाण्यातून वर आली. शपथेप्रमाणे तिला नवऱ्याचं मेलेलं तोंड दिसायला हवं होतं. दिसलं ते उघडं बोळकं, आणि ते हसत होतं.

खुशीनं आणि सौरवनं दोन्हीकडून धरून तिला वर घेतलं, तसं धरायची काही गरज नव्हती तरी. तिची मूठ घट्ट मिटलेली होती. “काय पडलं होतं? काय आणलं?” सगळे एकदम विचारू लागले.

“काही नाही,” शामला धापा टाकत म्हणाली. “अंगठी पडली होती ह्यांची.” आणि मूठ तिनं नवऱ्याच्या ओंजळीत सारली, लपवून, म्हणजे त्याला पाठ फिरवून कवळी घालून घेता यावी.

ओमप्रकाशनं पाठ फिरवली नाही. त्यानं ओंजळ उघडली आणि कवळी सगळ्या बोटीला दिसेल अशी उंच धरली.

“अंगठी नाही. दात हायेत माह्ये. माह्या बायकोनं समुद्रातून काढले.”

“बाबा, म्हणजे त्या कॅप...” खुशी म्हणाली.

“कॅप कायच्या! खोटं सांगत होतो. आन् आई पान्याले भेते, हेबी खोटंच.” मग तो सौरवकडे वळला, आणि त्या बोळक्या तोंडानं, मोडक्या हिंदीत, त्याला खापरखेड्याची विहीर सांगायला लागला. दोर कसा तुटला, नवी नवरी कशी गेली, आपण कोळशाच्या भुकटीत कसं धावत आलो. अर्धे शब्द कुणाला कळत नव्हते. यमुताईनं मधेच “मीच पाह्यलं होतं पहिले” म्हणून आपला वाटा घेतला.

“बाबा, दात घाला ना आधी,” खुशी हसत आणि रडत म्हणाली.

“थांब वं, सांगू दे!” मग तो एकाएकी शामलाकडे वळला आणि हळूच म्हणाला, “तवा तुह्या हातात बादली होती ना वं?”

“होती.”

“मी पाह्यली होती,” तो म्हणाला. “मले लाज वाटली लोकाईची. बोललो नाही.”

सौरव तेवढ्यात शामलापुढं येऊन हात जोडून उभा राहिला. “आंटी, कल मैंने गलत बोला। चलिए, मेरे साथ उतरिए। बिना मशीन के।” ती उतरली. खुशी तिच्या मागं मागं तरंगत होती, आणि आई खाली गेली की वरून पाहत होती, आई वर आली की टाळ्या वाजवत होती. ओमप्रकाश बोटीवर उभा राहून बघत होता. कवळी त्यानं खूप उशिरा घातली.

सक्करदऱ्याच्या गल्लीत आता दोन गोष्टींतली एकच उरली आहे, वडाभाताची. दुसरी ओमप्रकाशनं घरोघरी जाऊन बदलली. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं शिडी लावली, माळ्यावरून पितळी बादली खाली काढली आणि अंगणात बसून चिंचेनं घासली. कोळशाच्या खात्यात जन्म गेलेला माणूस, घासायला कंटाळला नाही. आता ती बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी ठेवली आहे.

परवा गल्लीतला कुणीतरी येऊन बसला होता. शामला स्वयंपाकघरात भांडी धूत होती. पाहुण्यानं विचारलं, “काय गा ओमप्रकाशभाऊ, ही जुनी बादली काहून ठेवली मधात?”

शामलानं नळ बंद केला.

“जुनी?” ओमप्रकाशचा आवाज आला. “अरे बाप्पा, ही शामलानं विहिरीतून काढली हाये. उडी तं सगळ्यायनं पाह्यली तवा. हे घे, आता बादली पाह्य.”